न वापरलेलं औषध

३ डिसेंबर २००७, सोमवार

संध्याकाळी नशराचं सिरप काढताना फळीवरची छोटी तपकिरी बाटली हाताला लागली. सहज दिव्यासमोर धरली. अर्धीच आहे.

ही बाटली मार्चमध्ये आणली. माझ्या पोरीला फिटचा झटका आला आणि पाच मिनिटांत थांबला नाही, तर नाकात फवारायचं औषध. त्याआधी शौचाच्या जागेतून द्यायचं औषध होतं. ते देताना अम्मी तोंड फिरवून उभी राहायची. मग डॉक्टरबाईंनी हे नवीन दिलं. म्हणाल्या, एका नाकपुडीत चार फवारे, दुसरीत चार, कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळाकडे बघत राहायचं. मी बाटली आणून फळीवर ठेवली. ती उघडायची वेळ कधी आली नाही. नशराच्या शेवटच्या झटक्याला येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील.

मग अर्धी कशी?

अम्मीला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "उडून गेला असंल. अत्तर नाय उडत?"

बूच लावलेल्या बाटलीतलं अत्तर नाही उडत. पण मी बाटली परत फळीवर ठेवली. अम्मी माझी सासू आहे, आई नाही, हे अशा वेळी आठवतं.

५ डिसेंबर

शाळेतून येताना एस. टी. स्टँडसमोरच्या औषधवाल्याला बाटली दाखवली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाला, "वहिनी, गळत नाहीये. कुणीतरी वापरलंय." मग आवाज खाली आणून, "हे झोपेच्या जातीचं औषध आहे. घरात कुणाला झोपेचा त्रास नाही ना?"

अम्मी रात्री तीनदा उठते. नशराच्या अंथरुणापाशी जाऊन बसते. मला वाटायचं प्रेमाने बसते.

आज मी बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारली. लेबलच्या कडेला, दिसणार नाही अशी. मग फळीवर होती तशी ठेवली.

९ डिसेंबर, रविवार

नशरा जेवताना कळवळली. जीभ बघितली तर कडेला चावल्याची खूण. चारपाच दिवसांपूर्वीची असावी, बरी होत आलीय.

"कधी चावलीस?"

तिने दादीकडे पाहिलं. अम्मी म्हणाली, "पेरू खाताना. घाई लय तिला."

पेरू खाताना कुणी जीभ इतकी चावत नाही.

आणखी एक. बाहेरच्या खोलीतलं मोठं घड्याळ काढून तिने स्वयंपाकघरात लावलंय. तिला घड्याळ नीट कळतही नाही, वर्षभरापूर्वीपर्यंत अजानवर दिवस चालायचा तिचा. मी विचारलं तर म्हणे, "आता कळतंय. नशरानं शिकवला." मी घरी केव्हा येणार हे बघायला हवंय का तिला? तोवर काय आटपायचं असतं?

मी घरी साडेसहाला येते. शाळा लांब, महाडहून पोलादपूर, तिथून ट्रॅक्स जीपने वर, मग वीस मिनिटं चालत. दोन शिक्षकांची शाळा, मी आणि महिपती गुरुजी. नशरा मोहल्ल्यातल्या शाळेतून दुपारी घरी येते. दुपार ते संध्याकाळ ती आणि अम्मी, दोघीच. दोन वर्षांत हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

१३ डिसेंबर

समोरची कमळाबाई नळावर भेटली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुला सांगू नये, पण सांगते. काल दुपारी साखर मागायला गेले तुझ्याकडे. दार लावलेलं. खिडकीतनं बघितलं, तर तुझी सासू पोरीला मांडीवर घेऊन तिच्या नाकात काहीतरी घालत होती. मी हाक मारली तर एकदम अंगावर आली, जा म्हनली, नंतर ये म्हनली. अशी कधी बोलत नाय गो ती माझ्याशी."

"आणि नशरा?"

"निजलेली. हलत पण नव्हती."

काल मी आले तेव्हा नशरा झोपलेलीच होती. अम्मीने सांगितलं, शाळेत खेळून दमली. उठवली तर डोळे उघडेनात. जेवलीही नाही.

बाटली बघितली. औषध रेघेच्या बरंच खाली गेलंय.

म्हणजे खरं आहे. पोरीने दुपारी त्रास देऊ नये म्हणून ती तिला औषधाने निजवते. अफूची गोळी देऊन पोरं निजवणाऱ्या बायांच्या गोष्टी आईकडून ऐकल्या होत्या. त्या जुन्या काळच्या, असं वाटायचं.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आज नवऱ्याचा, इनायतचा, दोह्याहून फोन आला. सांगायचं ठरवलं होतं. पण फोन खाटेजवळ आहे, आणि अम्मी मुद्दाम तिथेच तांदूळ निवडत बसली.

आणि सांगून तो काय म्हणेल हेही मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा मी शाळा टाकून धावत आले, आठ दिवस रजा काढली. तेव्हाच तो म्हणाला होता, पुन्हा झटका आला तर नोकरी सोडायची, पोरीजवळ बसायचं. मग आता 'अम्मी पोरीला गुंगीचं देते' असं सांगितलं तर दुसरं काय म्हणणार? जुलैत शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी होतात. मग कायम. तेवढे महिने निघायला हवेत.

माझीच पोर आणि मी महिने मोजतेय.

२३ डिसेंबर, रविवार

ईद झाली. आज सगळा मोहल्ला सवला निघाला होता, गरम पाण्याच्या कुंडांवर. नशराने दोन दिवस धोशा लावला होता. अम्मीने ऐनवेळी मोडता घातला.

"पोरीला पाण्यात नको."

"मी असेन ना जवळ."

"तू असलीस तरी नको. पाणी काय बघतंय कोन जवळ हाय ता?"

दरवर्षी हीच बाई पुढे असायची. आता ना सव, ना लग्नं. परवा तिच्या सख्ख्या भाचीच्या मेहंदीलाही गेली नाही. नशराला सोडून कुठे जात नाही, आणि नेतही नाही. पोर माझी आहे की तिची?

मागे मी एकदा बोलले होते, की पोलादपुरात एक खोली घ्यावी, नशराला तिकडच्या शाळेत घालावं, माझा प्रवास वाचेल. अम्मी तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. मला वाटतं तेव्हापासूनच हे सुरू झालं असावं.

१३ जानेवारी २००८, रविवार

डॉक्टरबाई महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुण्याहून महाडला येतात. आज नंबर दुपारी लागला. त्यांनी नशराला एका पायावर उभं केलं, बोट नाकाला लावायला लावलं, हसवलं. मग मला विचारलं, "या दोन वर्षांत एकही झटका नाही?"

"नाही."

"झोपेत? थरथर, अंथरूण ओलं, जीभ चावणं, असं काही?"

जिभेचं ओठांवर आलं होतं. बाटलीचंही. अम्मी दाराशी उभी होती, हातात नशराची चप्पल. मी म्हटलं, "नाही, काही नाही." घरातली भानगड पुण्याच्या बाईंपुढे कशाला काढायची? पेरूचंही खरं असेल, कोण जाणे.

डॉक्टरबाई खूश झाल्या. म्हणाल्या, आता सिरप हळूहळू कमी करू. आधी रात्रीचं थोडं, पंधरा दिवसांनी आणखी थोडं. एकदम कधीच बंद करायचं नाही. ठीक चाललं तर पावसाळ्यापर्यंत सुटेल.

मला रडू आलं, आनंदाने.

बाहेर पडल्यावर अम्मी रिक्षात बसली. मग म्हणाली, "कमी नको करू गो."

"का?"

"नको. चाललाय ता चालू दे."

"अम्मी, पोर बरी झाली. डॉक्टर सांगताहेत."

"डॉक्टर पुण्यात असतंय," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघत राहिली.

माझी मुलगी बरी झाली, आणि या बाईला त्याचं दुःख झालंय.

१९ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. घरी लवकर आले. सिरपची बाटली संपत आलीय. मी रोज मापाने देते, सांगितल्यापेक्षा थेंब जास्त नाही. कमी केलं म्हणजे जास्त दिवस पुरायला हवी होती, आणि ही तर आधीपेक्षा लवकर संपली.

तेही ती देतेय. माझ्यामागे, वेगळं.



२२ जानेवारी

आज नशराला मुद्दाम दुकानात नेलं. खारे शेंगदाणे घेऊन दिले. नदीच्या घाटाच्या पायरीवर बसलो.

"दादी तुला दुपारी औषध देते?"

ती शेंगदाणे मोजत बसली.

"मी दादीला ओरडणार नाही. सांग."

"तू नोकरीला जाणार नाय मग."

"म्हणजे?"

"दादी म्हणते, अम्मीला सांगलंस तर अम्मीची शाळा बंद होईल. मग तुझ्या शाळेतली पोरं काय करतील?" मग एकदम, "मला माहीत नाय. मी झोपलेली असते."

सात वर्षांच्या पोरीला ती माझ्या नोकरीची भीती घालते! मला सांगितलं तर आईचं वाईट होईल, असं मनात भरवलंय. यापेक्षा माणूस आणखी किती वाईट वागेल?

रात्री अम्मीने माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला. मी तो नशराच्या ताटात टाकला. अम्मीने पाहिलं.

२७ जानेवारी, रविवार

आज केलं.

इनायतने गेल्या खेपेला आणलेली चाकांची बॅग पलंगाखालून काढली. कपडे भरले, त्यात सिरप ठेवलं, नाकातली बाटली ठेवली आणि आकड्यांचं कुलूप फिरवलं. अम्मीसमोर. लपवूनही ठेवता आलं असतं, पण तिने पाहावं असंच मला वाटत होतं.

ती उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "छोटी बाटली बाहेर राहू दे."

"कशाला?"

ती बॅगेकडे बघत होती.

"कशाला, अम्मी? दोन वर्षांत लागली नाही. मग बाहेर कशाला हवी?"

ती पुढे आली. "आसिया, ऐक गो..." म्हणाली. त्याच वेळी कमळाबाई दारात आली, हातात हळदीकुंकवाच्या वाणाची वाटी. अम्मी आत निघून गेली.

सांगायचं असतं तर कमळाबाई गेल्यावरही सांगता आलं असतं. खोटं रचायला वेळ मिळाला नाही, एवढंच.

आजपासून सिरप मी स्वतः देणार, सकाळी आणि रात्री. आजपासूनच रात्रीचं आणखी कमी करायचं आहे, डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे.

३० जानेवारी

तीन दिवस नशरा दुपारची झोपलेली नसते. मी येते तेव्हा टवटवीत असते, धावत येते. बघा, म्हणजे माझंच खरं.

अम्मी मात्र झोपतच नाही. काल पहाटे पाहिलं, भिंतीला टेकून बसली होती, नशराच्या पायावर हात ठेवून. मी जागी आहे हे कळल्यावर हात काढून घेतला.

७ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात लिहितेय. नशरा झोपलीय, नीट झोपलीय, मघाशी पाणी मागितलं आणि मला 'अम्मी' म्हणाली.

परवा मंगळवारी दुपारी गुरुजींच्या मोबाईलवर फोन आला. वर रेंज धड नसते. कमळाबाईचा आवाज, "आसिया, घरी ये, लवकर ये, तुझ्या सासूनं..." आणि कट. पुन्हा लागेना. गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुम्ही निघा. वर्ग मी एकत्र बसवतो." एक जीप खाली जात होती, तिला हात केला. वाटभर 'तुझ्या सासूनं' एवढंच डोक्यात फिरत होतं.

घराचं दार सताड उघडं. आत कुणी नाही. पलंगासमोर इनायतची बॅग उभी फाडलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कपडे चहूकडे. बाजूला नारळ सोलायचा कोयता पडलेला. फरशीवर रक्ताचे थेंब.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहून ठेवते, कारण नंतर मी ते स्वतःशीही नाकबूल करीन. मला वाटलं, ती औषध घेऊन, पोर घेऊन पळाली. मला वाटलं, हिने माझी पोर मारली.

समोरून कमळाबाई ओरडली, "तिथं काय बघतेस? दवाखान्यात जा! पोरीला झटका आला, थांबतच नव्हता. माझा माणूस नेमका रात्रपाळी करून घरी होता, त्यानं रिक्षातनं नेली दोघींना!"

दवाखान्यात नशराच्या नाकाला ऑक्सिजन होता, हाताला सलाईन. अम्मी बाहेरच्या बाकावर, अनवाणी, डोक्यावर ओढणी नाही. उजव्या हाताला कुणीतरी पट्टी बांधलेली. बॅग फाडताना कोयता लागला होता. कमळाबाईचा नवरा कुशाबा शेजारी उभा होता, कंपनीचा निळा शर्ट अजून अंगात.

आतून तरुण डॉक्टर आले. म्हणाले, "इथे आणली तेव्हा झटका थांबत आला होता. नाकातून औषध दिलं होतं म्हणून. पण उशिरा दिलं गेलं. लगेच का नाही दिलं?"

अम्मी माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "सापडत नव्हता."

कुलपाचं बोलली नाही.

"याआधी कधी दिलं होतं हे?"

मी म्हणणार होते, नाही, कधीच नाही. अम्मी म्हणाली, "चार वेळा. ही पाचवी."

"आणि त्याआधी? गेल्या दोन वर्षांत?"

"आनखी दोन. तेव्हा ही बाटली नव्हती. आपोआप थांबले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आई ना? मग आजी सांगतात तसं सिरप कमी का केलं?"

कुशाबा जाऊन चहा घेऊन आला. मी घेतला नाही, अम्मीनेही नाही.

८ फेब्रुवारी

काल रात्री लिहून झाल्यावर अम्मीशी बोलले. बोलले म्हणजे भांडले, हळू आवाजात, नशरा उठू नये म्हणून.

"का नाही सांगितलंस? दोन वर्षं!"

"तो म्हनला होता ना फोनवर. आता आला तर नोकरी सोड. मी ऐकला ता. तू त्या रात्री जेवली नाय, भिंतीकडं तोंड करून रडलीस. मग पंधरा दिसांनी परत झटका आला, तू शाळेत होतीस. थांबला. पोर निजली. मी म्हटलं, आज नको सांगायला. मग दुसऱ्यांदा आला, तेव्हा पयला सांगितला नव्हता म्हनून नाय सांगता आला."

"आणि डॉक्टरांना? त्यांच्यासमोर तू दारात उभी होतीस! त्या सिरप कमी करायला सांगत होत्या!"

"म्हनून तर मी दुपारी देत होते, तू जेवढा कमी केलास तेवढा. भरून काढायला."

"मापाने?"

"अंदाजानं," ती म्हणाली. मग, "चमच्यानं."

मी डोकं धरून बसले. सिरप अंदाजाने, फवारा पाच मिनिटं न थांबता, घाबरून लगेच, हेही तिनेच सांगितलं. दार लावून, एकटी, पोरीला कुशीवर घेऊन, घड्याळाकडे बघत. कमळाबाईला हाकलून, कारण कमळाबाईला कळलं तर संध्याकाळी मला कळलं असतं.

मग मी विचारलं, जे विचारायला नको होतं. "माझ्या नोकरीसाठीच केलंस? की मी नशराला घेऊन पोलादपूरला जाईन म्हणून?"

ती पट्टीचा सुटलेला धागा गुंडाळत होती.

"तेबी होता," ती म्हणाली. "झटके हायत म्हटल्यावर तू दवाखान्याजवळ ऱ्हायला गेली असतीस. मला कोन हाय? तेबी होता. खोटा कशाला बोलू आता."

दोन्ही खरं असेल. की पहिलं खरं आणि दुसरं मला बरं वाटावं म्हणून? की उलट? मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला काही कळलं नाही. इतके दिवस तिच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ मला लागत होता.

बॅगेला कुलूप मी लावलं. ते ती कुणालाच बोललेली नाही, कुशाबालाही नाही. मीच डॉक्टरांना सांगितलं, आज सकाळी. ते फक्त म्हणाले, "यापुढे कुलूप नको. घरातल्या सगळ्यांना हात पोचेल अशा जागी ठेवा, लहान पोरांचा हात सोडून."

१० फेब्रुवारी, रविवार

नशराला घरी सोडलंय. कमळाबाई तिच्याजवळ बसली. मी आणि अम्मी डॉक्टरबाईंकडे.

सगळं सांगितलं. बाई दोघींना बोलल्या, चांगलंच बोलल्या. अम्मीला म्हणाल्या, "आजी, तुम्ही लपवलंत म्हणून मी औषध कमी केलं. मला खोटं कळलं तर मी बरोबर औषध कसं देणार?" मला म्हणाल्या, "आणि तुम्हाला बाटली कमी झालेली दिसली होती. मी समोर बसले होते. का नाही बोललात?" मी म्हटलं, घरातली गोष्ट होती. त्या म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यातली होती."

मग त्यांनी झटक्याचं विचारलं. कुठल्या बाजूने सुरू होतो, डोळे कुठे वळतात, जागेपणी की झोपेत. मी बोलायला लागले आणि थांबले. मी शेवटचा पाहिलेला झटका दोन वर्षांपूर्वीचा. मी अम्मीकडे पाहिलं. ती अजून उभीच होती. मी उठून तिला खुर्ची दिली.

तिला सगळं आठवलं नाही. डावा की उजवा यात दोनदा गोंधळली, मग उठून स्वतःचा हात आकडून दाखवला, तेव्हा कळलं. झोप लागतानाच येतो, हे मात्र ठाम सांगितलं. बाईंनी सिरप पूर्वीइतकं केलं आणि जोडीला दुसरी गोळी दिली. नवी नाकातली बाटली लिहून दिली. म्हणाल्या, पाच मिनिटं थांबायचं, आजी, लगेच नाही. पण पाच झाली की थांबायचं नाही.

रिक्षात अम्मी म्हणाली, "बाई वाईट नाय."

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

इनायतचा फोन. सांगितलं. आधी तो ओरडला, मग रडला, मग जे म्हणणार होता तेच म्हणाला. "बस्स. राजीनामा दे. पैसे मी पाठवतोय ना?"

मी म्हटलं, "मी घरी असते तरी झटका आला असता. तो मी घरात आहे का ते बघून येत नाही. औषध हाताशी हवं आणि देणारं माणूस हवं. माणूस आहे."

"कोण, अम्मी? जिने लपवलं?"

अम्मी खाटेवर बसली होती, सगळं ऐकत. फोनमधला आवाज बाहेर येतो.

मी म्हटलं, "हो. लपवलं तिनेच आणि दिलंही तिनेच. कुलूप लावलं ते मी."

तो मग म्हणाला, "कुठलं कुलूप?"

तेही सांगितलं. बॅगेचं ऐकल्यावर म्हणाला, "तीनशे रियालची होती ती," आणि एकदम त्यालाच लाज वाटली असावी. "पुढच्या शुक्रवारी बोलू," म्हणाला. राजीनाम्याचं पुन्हा काढलं नाही. पुढच्या शुक्रवारी काढेल. मी तेच सांगणार आहे.

फोन ठेवल्यावर अम्मी नशराच्या केसांना तेल लावत बसली, एका हाताने, दुसऱ्याला अजून पट्टी.

२१ फेब्रुवारी

आज सकाळी निघताना बाटली दिव्यासमोर धरली. नवी, भरलेली. रेघ मारायला पेन हातात घेतलं होतं. अम्मी मागे उभी होती हे नंतर कळलं.

मी पेन ठेवलं. पण घेतलं होतं, हे तिने पाहिलंय.

११ मार्च, मंगळवार

आज चौथीचा भागाकार चालू होता. दुपारी गुरुजी वर्गाच्या दारात आले, फोन हातात. "मॅडम, घरून."

मी धावत बाहेर गेले. अम्मीचा आवाज, पण सपाट, पाठ केल्यासारखा.

"आसिया. आला होता. आता नाय. पाच मिनटं थांबले. थांबला नाय, म्हनून दिला. मग थांबला. कुशीवर हाय. निजलीय. कमळाबाई पन हाय हितं."

"मी येते."

"नको. निजलीय म्हटला ना. तू येऊन काय करनार, बघत बसनार?"

माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं. खरंच थांबलाय का? की मी शाळा सोडून येऊ नये म्हणून सांगतेय? आवाज असा का येतोय? कमळाबाई खरंच आहे का? दोन वर्षं मला काही न कळू देणारी बाई ही. आजही तिला माझी नोकरी टिकवायचीच आहे.

"कमळाबाईला दे फोन."

तिला वाईट वाटलं असेल. पण दिला. कमळाबाई म्हणाली, "हो गो, निजलीय."

"अम्मीला दे परत." मग मी म्हटलं, "अम्मी, फोन तिच्या नाकाजवळ धर."

बराच वेळ नुसती खरखर. गुरुजी शेजारी उभे, श्वास रोखून, जणू त्यांनाच ऐकू येणार आहे. मग खरखरीच्या मागे आला, हळू, जड, झोपेतला श्वास. एक. मग मध्ये जरा वेळ. मग दुसरा. तिसरा. मी मोजायचं सोडून दिलं.

"ऐकलास?" अम्मीने विचारलं.

"ऐकलं."

"मग पोरांना शिकव. येताना नेहमीच्या गाडीनं ये."

गुरुजी म्हणाले, निघा मॅडम, मी आहे. मी म्हटलं, नको. खाली ट्रॅक्स सुटायला निघाली होती, तिचा हॉर्न ऐकू आला. पाय तिकडे ओढत होते, खोटं कशाला लिहू. हॉर्न दोनदा वाजला, मग वळणाखाली गेला.

मी वर्गात गेले. फळ्यावर भागाकार अर्धाच राहिला होता. एका पोरीने विचारलं, "बाई, बाकी किती उरली?"

"तूच ये पुढे," मी म्हटलं, "आणि करून दाखव."